न लावलेली गुलबक्षी

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा हे सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेजवळ वसलेले तालुक्याचे ठिकाण. तेथे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या एका शिक्षकांनी गेल्या पावसाळ्यात आम्हाला आपल्या अंगणात नेऊन उभे केले आणि विचारले, "ही कोणी लावली, सांगा."

समोर गुलबक्षीची दहाबारा झुडपे होती. शिक्षक एप्रिल महिन्यात त्या भाड्याच्या घरात राहायला आले तेव्हा अंगण उघडेबोडके होते. तिकडचा उन्हाळा कडक. पारा चाळिशीच्या वर जातो आणि मुरमाची जमीन विटेसारखी टणक होते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि आठवड्याभरात जागोजाग कोंब दिसू लागले. गौरी-गणपतीच्या सुमारास झुडपे फुलली. बहुतेक राणी रंगाची, एक पांढऱ्या फुलांचे आणि खाली कुंपणाच्या कडेला दोन चक्क फिकट गुलाबी. घरमालकीणबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी फार वर्षांपूर्वी लावली ती राणी आणि पांढरी. गुलाबी कधीच नव्हती. पण गुलबक्षी आपणहून रंग बदलते, तिचं तसंच असतं."

ही समजूत आम्ही विदर्भात ऐकली आहे, कोकणातही ऐकली आहे. ती केवळ हसून सोडून देण्यासारखी नाही, कारण तिच्या मागे खरे निरीक्षण आहे: त्या अंगणात पूर्वी नसलेला रंग आता दिसतो. चूक असेल तर ती निरीक्षणाच्या स्पष्टीकरणात आहे. तेव्हा प्रश्न दोन झाले. कोणी न लावता झाडे आली कोठून? आणि त्यांतली दोन गुलाबी का?

पहिल्या प्रश्नाला आम्ही फार विचार न करता उत्तर देऊन टाकले, "पडलेल्या बियांतून." शिक्षकांच्या मुलीने खुरपे आणून राणी रंगाच्या एका मोठ्या झुडपाच्या बुडाशी उकरले, आणि आमचे उत्तर तेथेच अर्धे चुकले. खाली मुळ्यासारखे जाडजूड, काळपट सालीचे मूळ निघाले. एका पावसाळ्यात एवढे मूळ पोसले जात नाही. ते झाड त्या वर्षीचे नव्हतेच. शिक्षक राहायला येण्याच्या आधीपासून ते तेथे होते. गुलबक्षी कोरड्या उन्हाळ्यात वरून वाळून जाते, जमिनीतले मूळ मात्र अन्न साठवून जिवंत राहते आणि पाणी मिळताच पुन्हा फुटते. म्हणजे 'न लावलेली' म्हणून जी झाडे आपण मोजतो त्यांत दोन प्रकारची सरमिसळ असते. काही नव्याने रुजलेली, काही नुसती झोपून उठलेली.

कोंब लहान असताना हा फरक ओळखणे सोपे आहे. बीपासून आलेल्या रोपाला आधी दोन रुंद, बिनटोकाची बीजपत्रे दिसतात आणि नंतर त्यांच्या मधून खरी पाने येतात. मुळापासून आलेला फुटवा जाड असतो, त्याला बीजपत्रे नसतात आणि बहुधा एकाच जागी तीन-चार फुटवे एकदम वर येतात. झुडूप मोठे झाल्यावर मात्र उकरण्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही सगळ्यांच्या बुडाशी हलकेच उकरून पाहिले. राणी रंगाच्या मोठ्या झुडपांची आणि पांढऱ्याचीही मुळे जुनी, जाड होती. कुंपणाकडच्या दोन्ही गुलाबी झाडांची मुळे पेन्सिलीएवढी बारीक. जुन्या झाडांनी जुनाच रंग धरून ठेवला होता आणि नवा रंग होता तो नव्या झाडांचा. कोणत्याच झाडाने रंग बदलला नव्हता. घरमालकीणबाईंना हे दाखविले तेव्हा त्या काही वेळ मुळांकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "मग ही दोन कोणाची?" खरे तर हाच पुढचा प्रश्न होता.

बी कुंपणापर्यंत गेले कसे?

गुलबक्षीच्या एका फुलापासून एकच बी मिळते. काळे, सुरकुतलेले, थेट काळ्या मिऱ्यासारखे. (मुले ते तोंडात घालतात, म्हणून येथेच सांगून ठेवतो की गुलबक्षीचे बी आणि मूळ विषारी आहे, पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होतात.) या बीला एकदांडीसारखी तंतूंची छत्री नाही, की पक्ष्यांना भुलविणारा गर नाही. तेरड्याची पिकलेली बोंडे बोट लागताच फुटतात आणि बी दूर उडते. तशीही सोय येथे नाही. बी सुटते आणि झाडाखाली पडते. मग दोन-अडीच मीटरवरच्या कुंपणापाशी ते पोचले कसे?

अंगणाचा नकाशा काढल्यावर उत्तर दिसले. पांढरे झाड घराच्या वळचणीजवळ होते. जोराच्या पावसात पागोळ्यांचे पाणी तेथे पडते, उतारावरून वाहत कुंपणाकडे जाते आणि कुंपणाच्या दगडांशी अडते. दोन्ही गुलाबी झाडे नेमकी त्या दगडांच्या अलीकडे होती. हा अर्थात तर्क झाला. तो तपासण्याचा उपाय शाळेत सहज करता येईल. वीस-पंचवीस बियांना पांढरा तैलरंग लावावा, वाळल्यावर त्या झाडाच्या बुडाशी ठेवाव्यात आणि मोठी सर येऊन गेल्यावर कोठे सापडतात ते नकाशावर मांडावे. एखाद्या वर्गाने दोन-तीन अंगणांत असे केले तर उतार आणि बीप्रसार यांचा संबंध पुस्तकापेक्षा चांगला समजेल.

त्याच अंगणात न लावलेले आणखी बरेच काही होते. तेरडा, कुरडू, एकदांडी आणि दुर्दैवाने गाजरगवतही. (१९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटावे.) या सगळ्यांची वाट निराळी आहे. त्यांची बारीक बी पाण्यावाटे, शेणखतातून, भरावाच्या मातीतून, बैलाच्या खुरांना लागलेल्या चिखलातून येते आणि मातीत पडून राहते. मातीत असे किती बी असावे? डार्विनने हे मोजले होते. एका लहानशा तळ्याच्या काठाजवळ पाण्याखालचा चिखल त्याने तीन ठिकाणांहून मिळून तीन मोठे चमचे घेतला. सुकल्यावर त्याचे वजन सुमारे १९० ग्रॅम भरले. तो चिखल त्याने सहा महिने आपल्या खोलीत झाकून ठेवला आणि जे रोप उगवेल ते उपटून मोजत गेला. एकंदर ५३७ रोपे निघाली, आणि तो सगळा चिखल न्याहारीच्या एका कपात मावत होता! १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये हा प्रयोग आहे. आपल्याकडे मे महिन्यात नाल्याची किंवा शेतबांधाची वाटीभर माती घेऊन, वरून झाकून, रोज पाणी घालून हा प्रयोग कोणत्याही शाळेला करता येतो. त्याला खर्च नाही.

मातीत पडलेले बी किती वर्षे टिकते याचीही एक परीक्षा चालू आहे. अमेरिकेतील मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ साली २१ प्रकारच्या वनस्पतींचे प्रत्येकी ५० बी वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरले आणि बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची असा बेत होता. २०२१ साली काढलेल्या बाटलीतले काही बी १४२ वर्षांनंतर उगवले. बाटली रात्री, अंधारात उकरून काढतात. अनेक रानटी बियांना उजेडाचा क्षणिक स्पर्श हाच रुजण्याचा इशारा असतो. जमीन खणली की तण उगवते, त्याचेही एक कारण हेच.

गुलाबी कोठून आली?

आता रंगाकडे वळू. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीचे नाव 'मिराबिलिस' ठेवले. त्याचा अर्थ आश्चर्यकारक. मूळची ती उष्ण कटिबंधातील अमेरिकेतली, पण आपल्या अंगणात इतकी रुळली आहे की कोणी तिला परकी म्हणणार नाही. तिचे रंगीत 'फूल' पाकळ्यांचे नाही. ज्याला आपण पाकळ्या समजतो तो रंगीत निदलपुंज आहे आणि बाहेरचा हिरवा पेला छदांचा आहे. फूल दुपार कलल्यावर, चार-पाचच्या सुमारास उघडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिटते. त्याचे सारे आयुष्य एका रात्रीचे. या एका रात्रीत लांब सोंडेचा हॉक मॉथ पतंग आला तर दुसऱ्या झाडाचे पराग येतात. कोणी आले नाही तरी फूल वाया जात नाही. मिटताना पुंकेसर आणि कुक्षीवृंत आत गुंडाळले जातात, परागकोश कुक्षीला चिकटतात आणि स्वपरागण होते.

शालेय पुस्तकांतला नियम सर्वांना ठाऊक आहे. तांबड्या आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी झाडे मिळतात. तांबड्या रंगाच्या जनुकाची एकच प्रत असली तर रंगद्रव्य कमी तयार होते आणि फूल फिकट दिसते. यालाच अपूर्ण प्रभाविता म्हणतात. जर्मनीच्या कार्ल कॉरेन्स यांनी गुलबक्षीवर हे काम केले. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी ते एक. अंगणातल्या गुलाबी झाडांचे मूळ या नियमात सापडते: एक पालक राणी रंगाचा, दुसरा पांढरा.

पुस्तकात सहसा नसलेली एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. गुलबक्षी हाताळणारा पहिला माणूस कॉरेन्स नव्हता. खुद्द मेंडेलने ती हाताळली होती. एका बीजांडाच्या फलनाला एक परागकण पुरत नाही, असे फ्रान्सचे नोदँ आणि डार्विन यांचे मत होते. मेंडेलला ते पटेना. गुलबक्षीचे परागकण इतके मोठे असतात की साध्या भिंगातून सुटेसुटे दिसतात, आणि फुलात बीजांड एकच असते. त्याने प्रत्येक कुक्षीवर एकेकच कण ठेवला आणि १८ चांगले बी मिळविले. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्या काळात इतर प्रयोग त्याला बाजूला ठेवावे लागले होते, तरी हा प्रयोग त्याने केला आणि १८७० साली वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना पत्राने कळविला. ही पत्रे पुढे १९०५ साली प्रसिद्ध केली ती कॉरेन्स यांनीच.

एका बीला एकच परागकण, याचा अंगणातला अर्थ मोठा आहे. एकाच फांदीवरच्या दोन शेजारच्या बियांचे 'वडील' निराळे असू शकतात. काल रात्री पतंग आला, आज आला नाही, एवढ्यानेही फरक पडतो.

आणखी एक. गुलाबी झाड एकटेच असले आणि त्याचे फक्त स्वपरागण झाले, तरी पुढल्या पिढीत चारांत सरासरी एक झाड तांबडे, दोन गुलाबी आणि एक पांढरे निघते. कोणी गुलाबी झाड लावावे आणि दोन वर्षांनी अंगणात तीन रंग दिसावेत, बाहेरून कोणी काही आणलेले नसावे! 'गुलबक्षी रंग बदलते' या समजुतीचा उगम आमच्या मते येथे आहे. पण चारांत एक याचा अर्थ चार रोपे लावली की एक पांढरे मिळेलच, असा नाही. प्रत्येक रोप पांढरे नसण्याची शक्यता ३/४. आठ रोपांपैकी एकही पांढरे नसण्याची शक्यता (३/४) चा आठवा घात, म्हणजे सुमारे ०.१०. आठ रोपे लावली तर दहांपैकी नऊ वेळा निदान एक पांढरे दिसेल. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित स्वतः करू द्यावे.

पिवळीचे काय?

येथवर सारे सरळ होते. मग शिक्षकांनी प्रांजळपणे एक गोष्ट सांगितली. त्यांच्या एका विद्यार्थिनीने घटक चाचणीत लिहिले होते की गुलबक्षी पिवळीही असते आणि ठिपक्याठिपक्यांचीही असते. प्रश्न तांबड्या-पांढऱ्याचा होता म्हणून त्यांनी उत्तराचे गुण कापले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आपल्या पाड्यावरून ओंजळभर फुले घेऊन आली: पिवळी, नारिंगी आणि पिवळ्यावर तांबडे शिंतोडे उडालेली. "आता सांगा, मी काय करू?" शिक्षकांनी विचारले. आम्ही म्हटले, गुण परत द्या. मुलगी बरोबर होती. पुस्तकाने एका जनुकाची गोष्ट सांगितली आहे. झाडात अशी जनुके एकाहून अधिक आहेत. केंब्रिजमध्ये डोरोथिया मॅरिएट यांनी १९०९ सालीच गुलबक्षीच्या अनेक रंगांचे संकर करून ते प्रसिद्ध केले होते.

गुलबक्षीचे रंग बीटालेन नावाच्या गटातले आहेत. बीट, बोगनवेल, तांबडा माठ यांचेही रंग याच गटातले. जास्वंद आणि गोकर्ण यांचे रंग मात्र अँथोसायनिन या अगदी वेगळ्या गटातले. प्रयोगशाळेत फरक दिसतो: गोकर्णाच्या रसात चुन्याची निवळी घातली की तो हिरवा होतो, राणी गुलबक्षीचा किंवा बीटचा रस पिवळट पडतो. झाडात आधी एक पिवळा पदार्थ तयार होतो. पुढचा टप्पा चालू असेल तर त्यापासून किरमिजी रंग बनतो. बंद असेल तर फूल पिवळे राहते. दोन्ही द्रव्ये एकत्र साठली तर नारिंगी-तांबडे दिसते. पहिलाच टप्पा बंद असेल तर फूल पांढरे. यावरून एक गमतीची गोष्ट निघते. पांढऱ्या झाडाचा दुसरा टप्पा धड असू शकतो, पिवळ्याचा पहिला धड असतोच. दोघांचा संकर झाला तर संततीत दोन्ही टप्पे चालू होतात आणि पांढऱ्या-पिवळ्याच्या पोटी गुलाबी फूल येऊ शकते!

शिंतोड्यांचे कारण आणखी निराळे. जनुकांच्या साखळीत काही तुकडे जागा सोडून उड्या मारतात. मक्यात ते शोधून काढल्याबद्दल बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुलबक्षीच्या रंगाच्या एका जनुकातही असा तुकडा सापडला आहे. तो जनुकात घुसून बसला की रंगाचा टप्पा बंद पडतो. फूल घडत असताना एखाद्या पेशीतून तो निघून गेला की तिच्यापासून झालेल्या पेशींत रंग परत येतो आणि तेवढाच पट्टा तांबडा दिसतो. लवकर निघून गेला तर पट्टा मोठा, उशिरा गेला तर नुसता ठिपका.

पांढऱ्या झाडाची साक्ष

आता अंगणातल्या त्या दोन गुलाबी झाडांकडे परत येऊ. नकाशावरून त्यांची आई वळचणीचे पांढरे झाड असावी. तसे असेल तर राणी रंगाचे पराग तेथे कोणीतरी आणले होते. हे तपासता येते, आणि त्याला पांढऱ्या झाडाइतके चांगले साधन नाही. पांढऱ्याचे स्वपरागण झाले तर संतती पांढरीच होणार, कारण झाकून ठेवलेला रंग तेथे नाही. पांढऱ्या आईला एक जरी रंगीत संतती झाली, तरी पराग बाहेरून आला हे सिद्ध होते. राणी झाडाचे तसे नाही. दुसऱ्या राणीचा पराग आला तरी आपल्याला कळणार नाही.

आम्ही शिक्षकांना एवढेच सुचविले. पांढऱ्या झाडाच्या काही कळ्यांवर, दुपारी त्या उघडण्यापूर्वी, मलमलीच्या छोट्या पिशव्या बांधायच्या आणि दुसऱ्या दिवशी फुले मिटल्यावर काढायच्या. देठाला लाल दोरा बांधून खूण करायची. बाकीची फुले मोकळी ठेवायची, त्यांना निळा दोरा. बी काळे झाले की गळण्याआधी खुडायचे, दोन वेगळ्या पाकिटांत ठेवायचे आणि पुढल्या जूनमध्ये दोन वेगळ्या वाफ्यांत लावायचे. मुलांनी आठ संध्याकाळी टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून पहारा केला. तीन संध्याकाळी पतंग आला, फुलासमोर हवेत तरंगत सोंड घालून गेला. दिव्याखालची फुले त्याने टाळली असे मुलांनी लिहिले आहे. आठ संध्याकाळींवरून तसे म्हणता येत नाही, पण नोंद ठेवावी अशी आहे.

यंदा ऑगस्टच्या अखेरीस शिक्षकांचे पत्र आले. लाल दोऱ्याच्या वाफ्यात जी झाडे फुलली ती सगळी पांढरी. निळ्या दोऱ्याच्या वाफ्यात पांढऱ्यांबरोबर चार गुलाबी, आणि एक असे, ज्याच्या गुलाबी फुलांवर पिवळसर शिंतोडे आहेत. त्या अंगणात पिवळी किंवा ठिपक्यांची गुलबक्षी नाही. मुले आता आळीतली घरे एकेक करून पाहत आहेत. आतापर्यंत रस्त्यापलीकडच्या एका परसात पिवळी सापडली आहे.

घरमालकीणबाईंनी त्या शिंतोड्यांच्या झाडाचे बी आधीच मागून ठेवले आहे, असेही पत्रात होते.